संग्रहातलं प्लास्टिक आणि रबर कसं सांभाळायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दगड, तांबं-पितळ, कापड, पोथ्या यांची निगा कशी राखायची हे आपल्याकडच्या संग्रहालयांना बऱ्यापैकी ठाऊक आहे. प्लास्टिकच्या वाट्याला तेवढं लक्ष येत नाही. कपाटाच्या खालच्या खणात सेल्युलॉइडच्या फण्या, जुना रेडिओ, रबरी नळीचं यंत्र, बाहुल्या असं काहीबाही पडलेलं असतं आणि कुणीतरी बघेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. छोट्या संग्रहालयांत काम करणारे आणि घरी संग्रह बाळगणारे लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत.

प्लास्टिक शेकडो वर्षं कुजत नाही म्हणतात. मग त्यात जपायचं काय?

कुजत नाही, पण बिघडतं. उकिरड्यातली पिशवी अनेक वर्षांनी तुकड्यांच्या रूपात सापडेलही, पण तेव्हा ती पिशवी राहिलेली नसते. संग्रहालयाला वस्तू हवी असते, तिचा चुरा नव्हे. प्लास्टिक आणि रबर म्हणजे रेणूंच्या लांबलचक साखळ्या. ऊन, उष्णता, दमटपणा आणि हवेतला ऑक्सिजन या साखळ्या तोडत राहतात. त्याशिवाय मऊपणासाठी कारखान्यात मिसळलेली द्रव्यं हळूहळू बाहेर झिरपतात. दोनशे वर्षांची तांब्याची घागर ठणठणीत असते आणि पन्नास वर्षांच्या फोमचा हात लावताच भुगा होतो, हे यामुळेच.

शिवाय हे पदार्थ वयानेही लहान आहेत. अलेक्झांडर पार्क्सने आपलं ‘पार्केसीन’ लंडनच्या प्रदर्शनात मांडलं ते १८६२ साली, आणि अमेरिकेत जॉन वेस्ली हायटचं सेल्युलॉइड आलं १८७० च्या आसपास. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्यांचं शहाणपण या बाबतीत आपल्या हाताशी नाही.

सगळ्यात आधी कोणत्या वस्तू तपासायच्या?

चार प्लास्टिकं आणि एक रबर. सेल्युलोज नायट्रेट (म्हणजे सेल्युलॉइड), सेल्युलोज अ‍ॅसिटेट, पीव्हीसी, पॉलियुरेथेन फोम आणि रबर. संग्रहातल्या बहुतेक तक्रारी या पाचांच्याच असतात. यातली पहिली तीन तर स्वतः बिघडताना शेजाऱ्यालाही बिघडवतात, कारण त्यांतून आम्ल किंवा तेलकट द्रव बाहेर पडतो. बाकीची मंडळी, म्हणजे बॅकेलाइट, मेलामाइन, पॉलिथिन, अ‍ॅक्रिलिक, त्या मानाने सोशिक आहेत. वेळ कमी असेल तर त्यांच्याकडे सहा महिन्यांनी बघितलं तरी चालतं.

वस्तू कोणत्या प्लास्टिकची आहे हे प्रयोगशाळेशिवाय कसं ओळखायचं?

पूर्ण खात्री हवी तर इन्फ्रारेड वर्णपटाची तपासणीच लागते. पण बराचसा अंदाज काळ, वास आणि रूप यांवरून बांधता येतो.

काळ आधी बघा. बॅकेलाइट १९०७ चं, लिओ बेकलंड यांचं. पॉलिथिन इंग्लंडमध्ये १९३३ मध्ये सापडलं, नायलॉन १९३५ मध्ये तयार झालं, पॉलिप्रॉपिलिन १९५० च्या दशकातलं. म्हणजे १९२० सालची पारदर्शक, शिंपल्यासारखी चमकणारी फणी पॉलिप्रॉपिलिनची असूच शकत नाही. ती बहुधा सेल्युलॉइडची.

मग वास. झाकण उघडल्या उघडल्या डब्यातल्या हवेचा वास घ्या. त्यासाठी वस्तू नाकाशी धरायची गरज नाही. कापराचा वास आला तर सेल्युलॉइड, कारण ते बनवताना कापूरच घालत. व्हिनेगरचा आला तर अ‍ॅसिटेट. अंगठ्याने जरा चोळल्यावर कार्बोलिकचा आला तर बॅकेलाइट. गंधकाचा आला तर रबर किंवा एबोनाइट (म्हणजे कडक रबर). खवट लोण्यासारखा आला तर सेल्युलोज अ‍ॅसिटेट ब्युटिरेट, जे स्क्रूड्रायव्हरच्या जुन्या पारदर्शक मुठींत हमखास असतं.

तापलेली सुई टोचून किंवा कोपरा जाळून बघायचा सल्ला जुन्या पुस्तकांत सापडतो. तो पाळू नका. वस्तूला कायमचा डाग पडतो आणि ती सेल्युलॉइडची निघाली तर पेट घेते.

सेल्युलॉइडला आपोआप आग लागते हे खरं का?

फणी, पेन किंवा बाहुली आपोआप पेटण्याची शक्यता अगदी कमी असते. नायट्रेटच्या फिल्मची रिळं मात्र वेगळी. घट्ट गुंडाळलेली, आधीच सडायला लागलेली नायट्रेट फिल्म चाळीस-एकेचाळीस अंशांच्या सततच्या उष्णतेत स्वतःहून पेटू शकते. विदर्भातला मे महिना आठवा आणि पत्र्याच्या छपराखाली ठेवलेले डबे. एकदा पेटली की ती स्वतःच्या रेणूंतला ऑक्सिजन वापरते, म्हणून पाण्याखालीही जळत राहते. पुण्यात जानेवारी २००३ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि भारतीय सिनेमाच्या सुरुवातीच्या काळाचा मोठा ठेवा त्यात गेला. ती हानी भरून येणारी नाही.

कोडॅकने नायट्रेट फिल्म बनवणं १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला थांबवलं. तुमच्याकडची ३५ मिमी फिल्म त्याआधीची असेल तर ती नायट्रेट समजूनच वागा. घरगुती ८ आणि १६ मिमी फिल्म सहसा अ‍ॅसिटेटवरच निघत असे. शंका असेल तर डबा उन्हात उघडू नका, प्रोजेक्टरवर तर मुळीच चढवू नका. पुण्याच्या संग्रहालयाशी बोला.

टेबल टेनिसचा चेंडूही २०१४ पर्यंत सेल्युलॉइडचाच असे. क्रीडा-संग्रह सांभाळणाऱ्यांच्या हे गावीही नसतं.

सेल्युलॉइडच्या फण्यांच्या खणातल्या पिना हिरव्या पडल्यात. संबंध आहे का?

आहे, आणि तो सरळ आहे. सेल्युलॉइड बिघडताना त्यातून नायट्रोजनचे ऑक्साइड बाहेर पडतात. पावसाळ्यातल्या दमट हवेत त्यांचं नायट्रिक आम्ल होतं. ते आम्ल पितळ-तांब्याला खातं, खालचा कागद पिवळा करतं आणि उलटून सेल्युलॉइडलाच आणखी लवकर सडवतं. असा खण उघडला की क्रम बहुतेक हाच दिसतो: आधी दात्यांच्या मुळाशी बारीक भेगांचं जाळं, मग पृष्ठभागावर ओलसर थेंब, बाजूच्या पिनेवर मोरचुदी रंगाचा थर, आणि तळाला घातलेल्या वर्तमानपत्राच्या कडा बोट लागताच मोडणाऱ्या.

उपाय म्हणजे वेगळं करणं. बिघडलेली फणी चांगल्या फण्यांतून आजच बाहेर काढा. सेल्युलॉइड कधीही हवाबंद डब्यात ठेवू नका. त्याला वारा हवा, म्हणजे वायू साचत नाही. जाळीदार खण, आम्लरहित कागद आणि जवळ सक्रिय कोळशाची पुरचुंडी, एवढ्याने खूप फरक पडतो. बिघडलेली वस्तू हाताळताना हातमोजे घाला, कारण ते थेंब आम्लाचे आहेत.

जुन्या फिल्मच्या डब्यातून व्हिनेगरचा वास येतो. काय करायचं?

हा सेल्युलोज अ‍ॅसिटेटचा रोग. ‘सुरक्षित फिल्म’ म्हणून ती आणली, पेट घेत नाही म्हणून सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला, आणि काही वर्षांतच कोडॅककडे तक्रारी येऊ लागल्या. त्यातली पहिली तक्रार भारत सरकारकडून गेली होती. उष्ण आणि दमट जागी ठेवलेली फिल्म आपल्याकडेच सगळ्यांत आधी आंबली, यात नवल नाही.

वास येतो म्हणजे रोग सुरू होऊन बरेच दिवस झालेले असतात. पुढे फिल्म आखडते, वेडीवाकडी होते आणि चित्राचा थर सुटतो. आंबलेले डबे वेगळ्या खोलीत हलवा, कारण ते आम्ल शेजारच्या फिल्मलाही लागतं. अमेरिकेतल्या रॉचेस्टरच्या इमेज पर्मनन्स इन्स्टिट्यूटने यासाठी कागदी पट्ट्या काढल्या आहेत. पट्टी डब्यात ठेवली की आम्लाच्या प्रमाणात निळ्याची हिरवी आणि मग पिवळी होते. दोनशे डब्यांतून आधी डिजिटल प्रत कुणाची करायची हे ठरवायला यापेक्षा सोपं साधन माझ्या पाहण्यात नाही. वाचवण्याचा खरा मार्ग एकच, थंडी. आणि वेळेत काढलेली प्रत.

चष्म्याच्या जुन्या फ्रेमाही बऱ्याचदा अ‍ॅसिटेटच्या असतात. त्यांच्यावर पांढुरकी पूड दिसली तर ती बुरशी आहे असं लगेच धरू नका, ते आतून झिरपलेलं मऊपणाचं द्रव्यही असू शकतं.

प्लास्टिकची बाहुली चिकट झालीय, धूळ निघत नाही.

ती मऊ पीव्हीसीची असणार. मूळ पीव्हीसी कडक असतं. ते मऊ करायला प्लास्टिसायझर नावाचं तेलकट द्रव्य मिसळतात, कधीकधी वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं. वर्षानुवर्षं ते पृष्ठभागावर येत राहतं. त्यावर धूळ बसते आणि पक्की होते. १९६० च्या दशकातल्या बार्बी बाहुल्या जमवणाऱ्यांना ‘हिरवा कान’ चांगला ओळखीचा आहे. कानातल्या धातूच्या डुलातलं तांबं गंजून गालापर्यंत हिरवा डाग पसरतो आणि तो पुसून जात नाही, कारण तो पीव्हीसीच्या आत शिरलेला असतो. म्हणून डूल, पिना, सुया आधी काढून त्यांची वेगळी पिशवी करा, आणि पिशवीवर बाहुलीचा नोंदणी क्रमांक लिहा.

सेल्युलॉइडला वारा हवा, पीव्हीसीचं नेमकं उलटं. त्याला बंद काचेत ठेवलं तर प्लास्टिसायझर उडून जायचा वेग कमी होतो. पॉलिथिनच्या पिशवीत मात्र नको. ती पिशवी तेल शोषून घेते आणि बाहेर पडण्याचा ओघ चालूच राहतो. सगळ्या प्लास्टिकला एकच नियम लावणाऱ्या याद्या फिरत असतात, त्या बाजूला ठेवा, कारण त्यांतल्या निम्म्या ओळी निम्म्या वस्तूंचं नुकसान करतात.

फोमचा भुगा होतो. ठेवणीतल्या बुटांचे तळवेही गळून पडले. यावर इलाज?

झालेल्यावर फारसा नाही. पॉलियुरेथेन दोन जातींचं असतं. एस्टर जातीला दमटपणा खातो आणि ईथर जातीला उजेड. कोकणात किंवा मुंबईत कपाटात जपून ठेवलेले बूट लग्नाच्या दिवशी घातले आणि मांडवाच्या दारात तळवे निघाले, हा अनुभव कित्येक घरांत आहे. वापरले नाहीत म्हणून टिकतील, हा समज इथे खोटा ठरतो.

जुने हेडफोन, खेळण्यांचं आतलं भरण, यंत्रांच्या खोक्यांतला फोम, सगळीकडे हेच. फोम हा वस्तूचा भाग असेल तर तो अंधारात, कोरड्या आणि थंड जागी ठेवा, दाब पडू देऊ नका. तो नुसतं पॅकिंग असेल तर मोह न धरता काढा, फोटो घ्या, एक तुकडा नमुना म्हणून ठेवा आणि बाकीचा टाकून द्या. कॅमेऱ्याच्या पेटीतला सडलेला फोम भिंगाला चिकटतो आणि मग दोन्ही जातात.

रबराला भेगा का पडतात? आणि काही रबर कडक होतं, काही चिकट, असं का?

चार्ल्स गुडइयरने १८३९ मध्ये रबर गंधकाबरोबर तापवायची युक्ती शोधली आणि रबर वापरण्याजोगं झालं. पण त्या साखळ्यांत ऑक्सिजनला शिरायला जागा राहतेच. रबर कसं बनवलंय त्यावर अवलंबून आधी साखळ्या तुटतात तेव्हा ते चिकट होतं, नंतर त्या एकमेकींत गुंततात तेव्हा कडक. एकाच नळीचं एक टोक चिकट आणि दुसरं काचेसारखं, असंही बघायला मिळतं.

भेगांचं मुख्य कारण ओझोन. ताणलेल्या रबरावर तो ताणाच्या आडव्या दिशेने भेगा पाडतो. रबरी पट्टा किंवा टायर लोंबकळत टांगला, की वाकलेल्या जागी भेगा सगळ्यांत आधी दिसतात. म्हणून रबर टांगू नका, घडी घालू नका, पॉलिथिन फोमचा आकार कापून त्यावर निवांत टेकवा. झेरॉक्स मशीन आणि लेझर प्रिंटर ओझोन सोडतात. रबराचं कपाट त्याच खोलीत असेल तर दुसरीकडे हलवा. तांब्याशी संपर्क नको, तेल नको. ‘चकाकी यावी’ म्हणून टायरला लावतात ते पॉलिश तर मुळीच नको.

रबरासाठी एक उपाय मात्र चांगला चालतो, तो म्हणजे ऑक्सिजन काढून घेणं. लोखंडाच्या बारीक भुकटीच्या पुड्या मिळतात, त्या खास अभेद्य फिल्मच्या पिशवीत वस्तूबरोबर घालून पिशवी सील करायची. हाच उपाय सेल्युलॉइडवर करू नका, का ते वर आलंच आहे.

रबराचा एक चुलतभाऊ गटापर्चा. १८७० मध्ये मुंबई-एडन-सुएझ अशी समुद्राखालून तार टाकली गेली, तिच्यावर गटापर्चाचंच आवरण होतं. खोल, काळोख्या, थंड पाण्यात तो अनेक वर्षं टिकतो. तोच केबलचा तुकडा वर काढून संग्रहालयाच्या उजेडात ठेवला की हवेने ठिसूळ होऊन त्याचे तुकडे पडायला लागतात.

आजोबांचं काळं शाईपेन तपकिरी झालंय. पॉलिश केलं तर काळं होईल?

ते एबोनाइटचं असेल, म्हणजे भरपूर गंधक घातलेलं कडक रबर. उजेडाने त्याचा वरचा थर तपकिरी-हिरवट होतो आणि तिथे आम्ल तयार होतं. वाळलेली शाई सुटावी म्हणून बरेच जण असं पेन रात्रभर कोमट पाण्यात बुडवतात. सकाळी ते आणखी फिकट आणि निस्तेज झालेलं असतं. पाण्यात बुडवू नका. घासून काळं करता येतं, पण त्यात नक्षी, कंपनीची अक्षरं आणि कोरलेलं नाव झिजतं. मी घासणार नाही. पेनाची क्लिप चांदीची असेल तर एबोनाइटमधलं गंधक त्या चांदीला काळं करतं, तेव्हा चांदीच्या वस्तूंच्या खणात ते ठेवू नका. जुन्या कवळ्यांच्या लालसर हिरड्याही बहुधा याच पदार्थाच्या.

ग्रामोफोनच्या तबकड्या प्लास्टिकच्या असतात का?

७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या लाखेच्या. लाख म्हणजे किड्याचा राळेसारखा स्राव, आणि तिचा मोठा पुरवठा भारतातूनच जगभर होई. स्पिरिटने पुसू नका, लाख विरघळते. उभ्या ठेवा. ३३ फेऱ्यांच्या पीव्हीसीच्या, त्यांना उष्णता सोसत नाही.

बॅकेलाइटचा रेडिओ?

नशीबवान आहात. उन्हात रंग उडतो, पडला तर तडकतो, बाकी काही नाही. फटी दिसल्याच तर त्या आतल्या धातूच्या भागांमुळे आहेत का ते बघा.

पिवळं पडलेलं प्लास्टिक पुन्हा पांढरं करता येतं का?

जुन्या संगणकांची खोकी हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवायचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. पांढरं होतं, काही काळ. मग पुन्हा पिवळं होतं, बऱ्याचदा डागाडागांत, आणि पृष्ठभाग भुसभुशीत होण्याचा धोका वर. स्वतःच्या हौसेच्या कीबोर्डवर करा हवं तर. संग्रहातल्या नोंदवलेल्या वस्तूवर नाही.

पुसायचं कशाने?

आधी मऊ ब्रश आणि हवेचा हातपंप. मग, पदार्थ सोशिक असल्याची खात्री असेल तरच, डिस्टिल्ड पाण्यात किंचित ओलं केलेलं मऊ सुती फडकं. अ‍ॅसिटोन, थिनर, पेट्रोल, स्पिरिट यांतलं काहीच नको. अ‍ॅक्रिलिक आणि पॉलिस्टायरिनला यांनी बारीक तडे जातात, कधी लगेच, कधी महिन्याभराने. काच पुसायच्या निळ्या फवाऱ्यातला अमोनियाही अ‍ॅक्रिलिकला चालत नाही. केसिन म्हणजे दुधाच्या प्रथिनाच्या जुन्या बटणांना पाणी लागलं की ती फुगतात. चिकट पीव्हीसी घरी धुवायला घेऊ नका.

गुंडाळायचं कशात, आणि डांबरगोळ्या चालतील का?

डांबरगोळ्या नकोत. त्यांची वाफ पॉलिस्टायरिन आणि पीव्हीसीला मऊ करते. कपाटात गोळी ज्या प्लास्टिकच्या झाकणाला टेकली तिथे खळगा पडल्याचं तुम्ही पाहिलं असेल. रबरबँड नकोत, त्यांचा तांबडा चिकट डाग कागदाला आणि प्लास्टिकला कायमचा बसतो. वर्तमानपत्र नको. बाजारातले मऊ पारदर्शक फोल्डर बऱ्याचदा पीव्हीसीचेच असतात आणि झेरॉक्सची शाई त्यांना चिकटून निघते. पॉलिएस्टर फिल्म, सिलिकॉनचा थर असलेला कागद, आम्लरहित टिश्यू, एवढ्यावर भागतं. दोन प्लास्टिकच्या वस्तू एकमेकींना टेकू देऊ नका.

आमच्याकडे एसी नाही. मग काय उपयोग?

उपयोग आहे. तापमान दहा अंशांनी कमी झालं तर बिघडण्याचा वेग ढोबळमानाने निम्म्यावर येतो. एसी नसला तरी माळ्यावरचं, पत्र्याखालचं, पश्चिमेच्या भिंतीला लागलेलं कपाट तळमजल्यावरच्या उत्तरेकडच्या खोलीत आणता येतं. पावसाळ्यात डब्यांत सिलिका जेल ठेवा आणि रंग बदलला की ते वाळवा. ऑगस्टात कोकण किनाऱ्यावर हे काम आठवड्याला करावं लागतं, हे आधीच धरून चला. काचपेटीतला दिवा एलईडीचा करा आणि अभ्यागत नसताना बंद ठेवा. खिडकीला पडदा लावा.

साधा फ्रीज फिल्मसाठी चालतो. वस्तू दोन पिशव्यांत सील करा, आत सिलिका जेल ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, दिवसभर तशीच खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर आतल्या वस्तूवर दव धरतं. थंड प्लास्टिक ठिसूळ असतं, तेव्हा त्या वेळात हाताळू नका. त्याच फ्रीजमध्ये कर्मचाऱ्यांचा डबा नको, हे सांगावं लागू नये, पण लागतं.

तुटलेला तुकडा फेविक्विकने जोडला तर?

नको. सांध्याभोवती पांढरा धूर बसतो आणि सांधा पुन्हा उघडता येत नाही. तुकडे वेगळ्या पिशवीत, क्रमांकासह.

वस्तू टिकणारच नसेल तर संग्रहात ठेवायची कशाला?

नील आर्मस्ट्राँगचा अवकाश-पोशाख घ्या. चंद्रावरची एक फेरी व्हावी एवढाच हेतू धरून तो शिवला होता. आज त्यातलं रबर कडक होतंय आणि अपोलोच्या पोशाखांमधल्या पीव्हीसीच्या नळ्यांतून झिरपलेल्या प्लास्टिसायझरने कापडावर तपकिरी डाग पडलेत. तो सांभाळणाऱ्या अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयाने २०१५ मध्ये लोकवर्गणीतून सात लाख डॉलरहून जास्त उभे केले, पोशाखाचं स्कॅनिंग केलं, आतून आधार दिला आणि जुलै २०१९ मध्ये नियंत्रित हवेच्या पेटीत तो पुन्हा लोकांसमोर ठेवला. त्यांनी रबर नवं घातलं नाही. बिघाडाचा वेग कमी केला आणि आत्ता दिसतं ते सगळं नोंदवून ठेवलं.

इव्हा हेसचं ‘एक्सपांडेड एक्सपान्शन’ हे १९६९ चं लॅटेक्सचं शिल्प कडक आणि गडद झालं म्हणून न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयाने ते अनेक वर्षं दाखवलं नव्हतं. बऱ्याच कामानंतर २०२२ मध्ये ते पुन्हा उभं केलं. लॅटेक्स काही पूर्वीसारखं झालं नाही. बघणाऱ्यांना ते आहे तसं दाखवायचं, एवढाच निर्णय होता.

आपल्याकडे पैसा तेवढा नसतो, पण दरवर्षी त्याच कोनातून, त्याच उजेडात, शेजारी रंगपट्टी ठेवून एक फोटो काढायला खर्च येत नाही. बिघाड चाललाय की थांबलाय हे त्या फोटोंतूनच कळतं.

मदत कुठे मिळेल?

मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं संवर्धन केंद्र आहे, लखनौला राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संवर्धन प्रयोगशाळा, आणि इन्टॅक या वारसा जपणाऱ्या राष्ट्रीय संस्थेची संवर्धन केंद्रं. जाताना वस्तू नेऊ नका, आधी फोटो आणि मापं पाठवा.

नव्याने आलेल्या बॅटरीच्या खेळण्याचं काय?

बॅटऱ्या त्याच दिवशी काढा, खाच तपासा, गळती झाली असेल तर फोटो घेऊन नोंद करा. आत लहान बटण-सेल लपलेला असू शकतो, तोही शोधा.